आपली, ताई

खाट हातगाडीवरून आली. मास्तर गाडीच्या मागे चालत आले होते, एक हात गादीवर ठेवून.

फाटकाशी गाडी थांबली तसे ऑफिसातले सगळे उठून उभे राहिले. गोदाम सांभाळणारा माणूस पुढे झाला आणि गादी उचलून आत घेऊन गेला. ताई बाहेर आल्या, मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"सगळं पुसून आणलंय," मास्तर म्हणाले. "गादी एका बाजूनं उसवली होती, टाके घातलेत. बघून घ्या."

"बघायचं काय त्यात, मास्तर."

"हँडल जरा जड फिरतं. तेल द्यायला पाहिजे."

"देऊ."

मास्तर आणखी थोडे थांबले. ताई काही विचारतील असं त्यांना वाटत असावं. ताईंनी काही विचारलं नाही, कारण खाट परत घेऊन येणाऱ्या माणसाला काही विचारायचं नाही हा या ऑफिसचा नियम होता. चहाचं विचारायचं, तो घेतला तर शेजारी बसायचं, नाही घेतला तर फाटकापर्यंत सोडायला जायचं. मास्तरांनी चहा नको म्हटलं. ताई त्यांना फाटकापर्यंत सोडून आल्या.

"मास्तरीणबाई सुटल्या बिचाऱ्या," खुर्चीत बसत ताई म्हणाल्या. मग कॉम्प्युटरवर खाटेचा नंबर घातला आणि 'परत' या शब्दावर बोट टेकवलं.

संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय त्या घराला हॉस्पिटलात असते तशी खाट द्यायची, हँडल फिरवून डोकं वर करता येणारी. बरोबर हवेची गादी, आणि आठवड्यातून दोनदा जखमा बघायला, कूस बदलायला शिकवायला सिस्टर. सगळं फुकट. आता अंथरुणाला खिळलेलं माणूस उठून चालायला लागलं, असं गोष्टीतच होतं. त्यामुळे खाट परत आली याचा अर्थ एकच असायचा, आणि तो तोंडानं बोलायची गरज कोणाला वाटत नसे.

खाट मागायची नाही, हा दुसरा नियम. ताई महिन्याकाठी प्रत्येक घरी फोन करायच्या, पण खाटेबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. झोप लागते का, चार घास जातात का, लेक येऊन गेली का, असं काहीबाही विचारायच्या. पलीकडचं माणूस 'हॅलो' कसं म्हणतं यावरूनच त्यांना बरंचसं कळायचं. या पद्धतीत प्रेम होतं, तसा ढिसाळपणाही होता, हे खोटं कशाला सांगा. माणूस जाऊन वर्ष झालं तरी काही घरांत खाटेवर कपडे वाळत पडायचे, आणि इकडे नंबर लावून बसलेल्यांचे म्हातारे जमिनीवर कण्हत असायचे. त्यांचेही फोन ताईंनाच यायचे.

म्हणून कॉम्प्युटर आला तो कोणी ताईंच्या डोक्यावर आणून आदळला नाही. तो त्यांनीच आणला. त्यांची धाकटी बहीण सार्वजनिक वाचनालयात कामाला होती. एकदा तिच्याकडे गेल्या असताना तिनं दाखवलं: कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, कधी परत यायचं आहे, आणि मुदत टळली की वाचकाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज. ताई बघतच राहिल्या.

"अगं, आमच्याकडे तरी दुसरं काय असतं?" त्या म्हणाल्या. "द्यायचं आणि परत घ्यायचं."

"मग घेऊन जा की. फुकट आहे," बहीण म्हणाली.

फुकट ते पौष्टिक. ताईंनी ते आणलं, बहिणीला विचारून विचारून बसवलं. 'पुस्तक' होतं तिथे 'वस्तू' केलं, तरी पुस्तकाची महिन्याची मुदत तशीच राहिली आणि इकडेतिकडे 'वाचक' हा शब्दही राहून गेलाच. ऑफिसात त्यावरून हसू व्हायचं, की आमचे वाचक सगळे झोपून असतात. घरी नवरा म्हणायचा, "मोबाइल उलटा धरणारी बाई तू, आणि लोकांना कॉम्प्युटर शिकवायला लागलीस!" यात कौतुकच होतं. ताईंना ते कळायचं आणि आवडायचं. आयुष्यभर कोणाच्या तरी हाताखाली काम केलेल्या बाईला पहिल्यांदाच काहीतरी असं येत होतं, जे ऑफिसात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

मेसेज मात्र त्यांना कोरडा वाटला. 'आपण घेतलेल्या वस्तूची मुदत संपली आहे. कृपया परत करावी.' सरकारी नोटीस आल्यासारखा. तेव्हा त्यांनी त्याच्याखाली आपल्या हातानं दोन शब्द घातले: 'आपली, ताई.'

मेसेज जायला लागले, ताईंचे महिन्याचे फोन मागे पडले, आणि खाटा फिरायला लागल्या. सचिवांनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या एका सज्जन आणि टापटिपीच्या गृहस्थांनी, हे देणगीदारांच्या बैठकीत सांगितलं. देणगीदारांनी ते दुसऱ्या संस्थांना सांगितलं, आणि तुमच्याकडे अजून का नाही, असं विचारलं. झालं. एकाचं बघून दुसऱ्यानं. कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या देणारे आले. श्रवणयंत्रं देणारे आले. ऑक्सिजनची मशीनं देणारे आले, आणि शेवटी सरकारी दवाखान्यातली एक बाईही येऊन गेली. सगळे ताईंच्या टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसायचे. ताई दाखवायच्या, ते उतरवून घ्यायचे, आणि निम्मे तर सरळ ताईंचंच जसंच्या तसं उचलून न्यायचे. वाचक, मुदत, सगळं.

मास्तरांची खाट परत आली त्या दिवशी दुपारीसुद्धा अशीच शिकवणी होती. सिस्टरचा दिवसाचा कार्यक्रम आता याच कॉम्प्युटरवरून तिच्या मोबाइलवर जायचा. खाट 'परत' झाली की ते घर त्यातून आपोआप गळायचं, कोणाला फोन करायला नको. ताईंनी आलेल्या पाहुण्यांना उदाहरण म्हणून मास्तरांचंच घर दाखवलं. "हे बघा, आत्ता होतं, आत्ता नाही."

खाट परत आल्यावर महिनाभर त्या घरी फोन करायचा नाही, मग स्वतः जाऊन भेटून यायचं, हा ताईंचा जुना शिरस्ता. तो अजून कोणी कॉम्प्युटरवर टाकला नव्हता, आणि शिकवण्यांच्या गडबडीत कित्येक घरी जायचं राहूनही गेलं होतं. महिना झाल्यावर त्या मास्तरांकडे निघाल्या.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान केव्हाच बंद झालं होतं, दुकानामागच्या दोन खोल्यांत नवराबायको राहायची. शिंपी असून बोलल्या तारखेला कपडे देणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती, आणि शिंप्यांच्या जातकुळीत ही गोष्ट किती दुर्मिळ, ते कपडे शिवून घेणाऱ्या कोणालाही विचारावं. बायकोला अर्धांगवायू झाल्यापासून सगळं तेच करायचे. ताई वाटेत मनाशी जुळवत होत्या, काय बोलायचं ते.

मास्तरांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "या, या! ही आत्ताच तुमचं नाव काढत होती."

मागे राहिलेली माणसं असं बोलतात, हे ताईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"सवय व्हायला वेळ लागतो, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांचं करण्यात काही कमी ठेवलं नाहीत. हे मी कुठेही सांगेन."

मास्तर गोंधळून बघत राहिले.

"कोण आलंय हो?" आतून आवाज आला.

ताई उठल्या कशा आणि आत गेल्या कशा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरीणबाई जमिनीवर होत्या. खाली दोन गाद्या एकावर एक, आणि त्यांवर मास्तरांनी उरल्यासुरल्या कापडाच्या भरून शिवलेल्या गोल चुंबळी, टाचेखाली एक, कमरेखाली एक, खांद्याखाली एक. टाके सुबक होते. खोलीतला वास लपत नव्हता.

"ताई होय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसा. खालीच बसावं लागेल."

"खाट का दिलीत?" ताईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"म्हणजे काय!" मास्तर म्हणाले. "तुमचा मेसेज आला ना. पहिला आला तेव्हा म्हटलं, बघू. मग दुसरा आला. तिसऱ्यात लिहिलं होतं, इतर वाचक प्रतीक्षेत आहेत. ते वाचक काय मला कळलं नाही, पण कोणीतरी वाट बघतंय एवढं कळलं. खाली तुमचं नाव. इतक्या वर्षांत तुम्ही कधी शब्दानं मागितली नव्हतीत. म्हटलं, ताई मागतायत म्हणजे कोणाचीतरी तशीच अडचण असणार."

"मीच म्हटलं, देऊन टाका," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अहो, मग मला एक फोन करायचा!"

"आणि काय सांगायचं?" मास्तर म्हणाले. "आमची बायको अजून जिवंत आहे, म्हणून देत नाही?"

मास्तरांनी चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली.

"त्या दिवशी तुम्ही हिची चौकशीसुद्धा केली नाहीत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फाटकापर्यंत आलात, पण गप्प. मला वाटलं, उशीर केला म्हणून राग धरलात. मग सिस्टरपण येईनाशी झाली. म्हटलं बरोबर आहे, खाट दिली म्हणजे आपला संबंध संपला."

"मास्तर, मला... आम्हाला वाटलं..."

"त्यांना वाटलं मी गेले," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. हसताना तोंड एका बाजूला गेलं. "तुम्हीपण ना! खाट कधी परत जाते, एवढं कळायला नको? मी मेल्याचं सांगूनच आलात की तुम्ही!"

त्या हसल्या म्हणून मास्तरही ओशाळून हसले. ताईंना मात्र तिथेच भिंतीला डोकं आपटावंसं वाटलं. त्यांनी सिस्टरला फोन लावला आणि ती येईपर्यंत मास्तरीणबाईंचा हात धरून बसून राहिल्या. सिस्टर आली, कूस वळवून बघितलं, आणि ताईंना बाहेर घेऊन गेली.

"जखम हाडापर्यंत गेलीय."

"खाट मिळाली तर?"

"खाट आधी पाहिजे होती, ताई. आता मिळाली तर दुखणं थोडं कमी होईल, एवढंच."

खाट नव्हती. मास्तरांनी आणलेली खाट त्याच संध्याकाळी नंबरातल्या पुढच्या घरी गेली होती. गोदामात दोन मोडक्या चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्यांचा ढीग, बाकी जागा मोकळी. कॉम्प्युटरवर मास्तरीणबाईंचं नाव पुन्हा घातलं तर ते नवीन वाचक म्हणून सगळ्यात तळाला जाऊन बसलं. ताई सचिवांकडे गेल्या.

"मेसेज बंद करू या," त्या म्हणाल्या.

सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं; डोळ्यांवरचा चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "ताई, मेसेजमुळे ज्या खाटा नुसत्या पडून होत्या त्याही आल्या ना? त्यांवर आज माणसं झोपलीत. ती तुम्हाला दिसत नाहीत, पण आहेत. बंद केला तर ती पुन्हा जमिनीवर. मास्तरांची बायको माणूस, आणि ती माणसं नव्हेत?"

"नाही, तसं नाही..."

"आणि देणगीदार? पुढची देणगी आकडा बघून येणार. आकडा खाली गेला तर नवीन खाट कुठून आणणार आपण?"

सचिव खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

मग त्यांच्या डोक्यात आलेली गोष्ट अशी होती की त्यांनी काही वेळ ती डोक्यात येऊच दिली नव्हती. मेसेज सुरू झाल्यापासून खाटा भराभर परत येत होत्या. प्रत्येक वेळी ऑफिस उठून उभं राहिलं होतं. प्रत्येक वेळी ताई काही न विचारता फाटकापर्यंत गेल्या होत्या. त्यांनी फोन उचलला आणि एका घरी लावला.

"आई? आहे की," मुलगा म्हणाला. "सोफ्यावर ठेवलंय तिला. जरा अवघडते. का हो, अजून काही परत करायचं राहिलंय का?"

दुसऱ्या घरी वडील खरोखरच गेले होते; खाट परत केल्यावर आठवड्याभरात. तिसऱ्या घरचा फोन कोणी उचलला नाही. चौथा लावायला ताईंचा हात धजेना. त्यांनी सिस्टरला घरं सांगितली. सिस्टर म्हणाली, "जाते. पण जाऊन मी काय करू, तेही सांगा."

निदान मेसेजखालचं 'आपली, ताई' तरी काढावं म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं. स्वतःच्या संस्थेतलं पुसलं गेलं. मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी ऑक्सिजनवाल्यांना फोन केला.

"तुमच्या मेसेजखाली काय लिहिलेलं असतं हो?"

"तुमचंच!" पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला. "आपली, ताई. आम्ही काही बदललं नाही. आमच्याकडे ताई कोणी नाहीये, पण लोकांना आवडतं. आपलेपणा वाटतो."

"ते काढा."

"का? काही चुकलं का? आमच्याकडून पुढे आणखी दोन-तीन जणांनी नेलंय, त्यांच्याकडेही तेच जातं."

"तुमची मशीनं लवकर परत यायला लागलीत का?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे काय! धडाधड येतायत," तो म्हणाला. ताईंनी फोन ठेवला. शहरातल्या किती घरांत आपण रोज काय काय परत मागतोय, याचा हिशोब करणं त्यांना शक्य नव्हतं. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, डोकं दुखतंय.

काही दिवसांनी एका घरून फोन आला. आजोबा पहाटे गेले, खाट घेऊन जा. ताईंनी त्यांना चार शब्द बोलून धीर दिला. फोन ठेवल्यावर आपल्याला आनंद झालाय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि अशी वेळ आपल्यावर यावी याची त्यांना शिसारी आली. तरी त्या उठल्या. नंबर दुसऱ्याच कोणाचा होता. ते कोण, हे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलला नसता. कॉम्प्युटर तारीख घातल्याशिवाय खाट सोडेना, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली आणि टेम्पोत पुढे बसून मास्तरांकडे गेल्या.

गोदामवाला, टेम्पोवाला, मास्तर आणि सिस्टर, चौघांनी चादरीसकट उचललं. मास्तरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. खाटेवर टेकल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा ताईंकडे बघितलं.

"कोणाची आणलीत?"

"आपलीच आहे. संस्थेची."

"नंबर होता का आमचा?"

"माझ्या नावावर घेतलीय," ताई म्हणाल्या. "मेसेज आला तर मला येईल. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

"तुम्हाला बोल लागेल ना पण." त्यांना बोलताना धाप लागत होती. "कधी परत द्यायचीय?"

"असू द्या हो ते."

"सांगा ना. तारीख असेलच की."

ताईंनी मास्तरांकडे बघितलं. ते पायथ्याशी वाकून हँडल फिरवत होते, डोकं वर घेत होते.

"महिन्यानं," ताई म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी थोडा विचार केला.

"महिना पुष्कळ झाला," त्या म्हणाल्या. "एवढा नाही लागायचा."

मास्तर हँडल फिरवतच राहिले. खाटेचं डोकं वर येत गेलं, हवं होतं त्याच्याही वर, मास्तरीणबाई जवळजवळ बसत्या झाल्या, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, बस की आता," त्या म्हणाल्या.